शाळेचे मोल आणि भूखंडाचा भाव

पट वीसच्या खाली गेला की शाळा तोट्यात गेली, असे शासनाचे गणित आहे. सप्टेंबर २०२३मध्ये शिक्षण आयुक्तालयाने अशा लहान शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागविले. राज्यात अशा शाळा १४ हजारांहून अधिक. या हिशेबात शिक्षकांचा पगार आहे. शाळेमुळे वस्तीला येणारे मोल मात्र नाही.

ते मोल भूखंडाच्या व्यापाऱ्याला बरोबर कळते. म्हणूनच ले-आउटच्या जाहिरातीत ‘शाळा जवळ’ हे शब्द ठळक असतात. अमेरिकेत सॅन्ड्रा ब्लॅक यांनी १९९९ साली बोस्टनच्या उपनगरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेचे परीक्षेतील गुण ५ टक्क्यांनी अधिक असतील, तर पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के अधिक मोजतात, असे त्यांना आढळले. जनतेच्या करावर चालणारी शाळा अशा रीतीने खासगी मालमत्तेच्या भावात मुरते आणि मालकाला आयता लाभ होतो.

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणी, मारेगावकडील कोलाम पोडांवर घरांना असा बाजारच नाही. शिवाय जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ अन्वये आदिवासींची जमीन परवानगीवाचून बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. हे संरक्षण आवश्यकच आहे. परंतु पोडावरील शाळा मोडल्याचे नुकसान त्यामुळे कोणत्याही मूल्यदर तक्त्यात दिसणार नाही. ते दिसेल तालुक्याच्या गावी घेतलेल्या खोलीच्या भाड्यात, बुडालेल्या मजुरीत आणि घरी बसविलेल्या मुलीच्या आयुष्यात. भाडे भरणार शेतमजूर, घेणार शहरातला घरमालक. शासनाची ही बचत म्हणजे गरिबाच्या खिशातून मालमत्ताधारकाच्या तिजोरीत होणारे स्थलांतर होय.

मुलांसाठी वाहनाची सोय करू, असे सांगितले जाते. पण पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वाहन अलीकडे आणि सहा वर्षांचे मूल पलीकडे राहते. लहान शाळेत शिक्षण निकृष्ट होते, हा दुसरा युक्तिवाद. त्यावर उपाय दुसरा शिक्षक देणे हा आहे. पहिलाही काढून घेणे हा नव्हे.

रयतेच्या श्रमातून येणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. १९६६ साली कोठारी आयोगाने शेजारशाळेचा पुरस्कार केला. तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे: पोडावरची आणि तांड्यावरची शाळा चालू ठेवा, आणि शाळांमुळे शहरी भूखंडांच्या भावात होणाऱ्या वाढीवर कर बसवून तिचा खर्च भागवा. हिशेबच करायचा असेल, तर तो पुरता करावा.