बर्ड फ्लूची लस द्या, पण विषाणू लपू देऊ नका

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरमध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. तेव्हापासून उपाय तोच आहे: कोंबड्या मारा, खड्ड्यात पुरा. सध्याच्या नियमानुसार बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरपर्यंतचे पक्षी मारले जातात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. मग लस का नाही, हा पोल्ट्रीवाल्यांचा प्रश्न रास्त आहे.

भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने लस बनवली आहे, पण ती एच९एन२ या सौम्य प्रकारावर. शेडच्या शेड रिकामी करणाऱ्या एच५एन१ची गोष्ट वेगळी.

खरी अडचण इथे आहे. लस टोचलेली कोंबडी आजारी दिसत नाही, तरीही तिच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडू शकतो. म्हणून चाचणीत टोचलेल्या कोंबड्यांना प्रयोगशाळेत मुद्दाम जिवंत विषाणू देतात. किती जगल्या एवढंच मोजून भागत नाही. घसा आणि गुदद्वारातून स्वॅब घेऊन विषाणू किती आणि किती दिवस बाहेर पडतो, तेही पाहतात. शिवाय रक्तातली प्रतिपिंडं लशीची की संसर्गाची, हे ओळखता आलं पाहिजे. या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘दिवा’ म्हणतात. (मराठीतही नाव चपखल बसतं!) सोपा मार्ग म्हणजे शेडमध्ये काही कोंबड्या बिनालशीच्या ठेवायच्या. विषाणू शिरला, तर आधी त्या पडतात.

फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस सक्तीची केली. आदल्या हंगामातले सुमारे ४०० उद्रेक १० वर आले. पण लपलेल्या विषाणूच्या भीतीने अमेरिकेने तिथल्या पोल्ट्रीवर आयातनिर्बंध लावले. आपल्या नामक्कलची अंडी आखातात जातात. सरकार कचरतं ते यामुळेही.

तरीही माझ्या मते सुरुवात व्हायला हवी, आणि ती लेअर फार्मवर. ब्रॉयलर सहाएक आठवड्यांत विकला जातो, त्याला टोचणं परवडणार नाही. लेअर कोंबडी वर्षभराहून जास्त अंडी देते. परसातल्या दहा कोंबड्यांचं काय, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

अट एकच: दरमहा स्वॅब. फ्रान्समध्ये टोचलेल्या बदकांची अशी नियमित तपासणी होते आणि पहिल्या वर्षी मोहिमेचा ८५ टक्के खर्च सरकारने उचलला. आपल्याकडे लशीचा दर विचारला जातो. स्वॅबचे पैसे कोण देणार, हे अजून कुणी विचारत नाही.