आधी जुनी फिल्म उतरवा

संध्याकाळी शटर अर्धे खाली आलेले असते आणि गाडी येऊन थांबते. मागची फिल्म जांभळी पडलेली, कोपऱ्यांत फुगे. गिऱ्हाईक घाईत. "काढत कशाला बसता? आहे त्यावरच मारून द्या ना." आपल्यापैकी अनेकांनी यावर कधी ना कधी मान डोलावली आहे. मीही डोलावली. २०१२ च्या आधीची गोष्ट, नाना पेठेत काम शिकत होतो तेव्हाची. गाडी दिली तेव्हा काच आरशासारखी दिसत होती. दीड महिन्याने ती परत आली तेव्हा जुने फुगे नव्या फिल्मखालून वर आले होते, शेजारी नवेही धरले होते. दोन्ही थर काढायला अख्खा दिवस गेला आणि त्या घाईत डीफॉगरच्या दोन रेषा माझ्या ब्लेडने कापल्या गेल्या. पावसाळ्यात त्या माणसाला मागचे नीट दिसले नसणार, हे मला अजून टोचते.

चूक हाताची नव्हती, कामाचीच होती. थरावर थर दिला की नवी फिल्म काचेला धरत नाही, ती जुन्या गोंदाच्या भरवशावर राहते. आणि तो गोंद सुटू लागला होता म्हणूनच तर गाडी आपल्याकडे आली. शिवाय जुन्या फिल्मच्या वरच्या अंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून कडक लेप असतो. काचेवर गोंद जसा बसतो तसा त्या लेपावर बसत नाही. खालचा प्रत्येक कण, प्रत्येक सुरकुती वर उमटते, मग स्क्विजी कितीही दाबा. पुढे कधी काढायची वेळ आली की वरची फिल्म ओढताना खालची चिंध्या होऊन निघते आणि गोंद काचेवरच राहतो.

आणखी एक हिशेब आहे, तो दुकानात फारसा कोणी करत नाही. टक्क्यांची वजाबाकी होत नाही, गुणाकार होतो. काच मुळात ७५ टक्के प्रकाश सोडत असेल आणि तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली, तर आत येतो साडेबावन्न टक्के. त्यावर तशीच दुसरी चढवली की उरतो जेमतेम ३७. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. म्हणजे ज्या मागच्या काचेसाठी गिऱ्हाईक हट्ट धरते, ती मुळात ७५ टक्क्यांची असेल तर तिथे ९० टक्क्यांची फिल्मसुद्धा हिशेबात बसत नाही. पाकिटावरचा आकडा फिल्मचा असतो, गाडीचा नव्हे. मीटर काच आणि फिल्म दोन्हींना मिळून लावा.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये फिल्मवर सरसकट बंदी घातली, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी धंदा बदलला. १ एप्रिल २०२१ पासून बदललेल्या नियमात आतून प्लास्टिकचा थर असलेल्या सेफ्टी ग्लेझिंगला जागा मिळाली. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्याच आधारावर, प्रकाशाची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल केरळातला आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. इतक्या वर्षांनी दार जरा किलकिले झाले आहे. दोन थरांची काळी काच रस्त्यावर सोडून ते आपल्याच हाताने बंद करू नये.

मग थरावर थर देण्याचे काम होते तरी का? माझ्या मते कारण एकच आहे: काढण्याचे पैसे आपण मागत नाही. नवी फिल्म बसवायचा दर भिंतीवर लावलेला असतो, जुनी उतरवणे ‘त्यातच’ धरलेले असते. ज्या कामाला दाम नाही ते पोऱ्यावर ढकलले जाते, आणि पोरगा ब्लेड उचलतो. खरे तर आपल्या धंद्यातले सगळ्यात हळुवार काम तेच. स्टीमर वरच्या कोपऱ्यावर धरायचा, नखाने कड उचलायची, फिल्म काचेलगत ठेवून सावकाश ओढायची. घाईने सरळ बाहेर खेचली की ती फाटते. गोंदाचा धुरकट थर राहतो, तो साबणाच्या पाण्याने आणि पुन्हा वाफेने मऊ करून फडक्याने पुसायचा. मागच्या काचेला ब्लेड लावायचेच नाही. बाजूच्या काचेवर चालेल, पण पाते नवे हवे, काच ओली हवी आणि हात एकाच दिशेने फिरला पाहिजे.

गाडी आत घेण्याआधी बाजूची काच थोडी खाली करून वरच्या कडेवरून नख फिरवा. फिल्म असेल तर कडेपासून एखाद-दोन मिलिमीटर खाली नख अडते. तिथेच गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवा आणि बिलावर ‘जुनी फिल्म काढणे’ ही ओळ वेगळी लिहा, रकमेसकट. काही गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात जातील. जाऊ द्या.

पुढच्या अंकात डीफॉगरच्या काचेवरचा गोंद काढण्यावर चार पाने देत आहोत. मागची काच उतरवायला तुम्हाला किती वेळ लागतो आणि त्याचे किती घेता, हे गाडीच्या प्रकारासह कळवा. त्यावरून काढणीचा एक दरतक्ता मांडायचा विचार आहे.