विश्लेषण : प्रोसेसरच्या खोक्यावरचे ‘गिगाहर्ट्झ’ किती खरे?

नवा डेस्कटॉप प्रोसेसर येणार म्हटले, की सर्वांत आधी फुटतो तो त्याचा क्लॉक स्पीड. इंटेलच्या कोअर आय९-१४९००केने ऑक्टोबर २०२३मध्ये ६ गिगाहर्ट्झ मिरवले. मार्च २०२४मध्ये १४९००केएस ६.२वर गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेला कोअर अल्ट्रा ९ २८५के मात्र ५.७वरच थांबला. मग नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा मंद म्हणायचा का?

आकडा काय सांगतो?

१ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. एका ठोक्यात काम किती उरकते, हे त्यात येत नाही. शिवाय खोक्यावरचा आकडा कमाल असतो. तो एखाद-दुसऱ्या कोअरलाच आणि तापमान व वीज परवानगी देतील तेवढाच वेळ मिळतो. १४९००केच्या वेगवान कोअरचा पायाभूत वेग ३.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे जाहिरातीतल्या आकड्याच्या जेमतेम निम्मा. हा आकडा तपशिलाच्या तक्त्यात शोधावा लागतो. तो पहिल्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत छापायला हवा.

एएमडीचा रायझेन ७ ९८००एक्सथ्रीडी तर कमाल ५.२ गिगाहर्ट्झचाच. तरीही गेमिंगमध्ये त्याने २८५केला मागे टाकले. कारण ९६ एमबी एल-३ कॅशे. हवा तो डेटा हाताशीच असला, की रॅमपर्यंतचे हेलपाटे वाचतात.

शर्यत कुणाला भोवते?

मार्च २०००मध्ये दोन्ही कंपन्यांनी दोन दिवसांच्या अंतराने १ गिगाहर्ट्झ गाठले. ऑगस्टमध्ये इंटेलला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ परत मागवावा लागला. २००४मध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ची योजनाच गुंडाळली गेली. पेंटियम ४ची उष्णता तोवर डोईजड झाली होती. पुढचा मार्ग एकाहून अधिक कोअरचा ठरला.

वेग टोकाला न्यायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा २०२४मध्ये कंपनीनेच प्रमाणाबाहेरच्या व्होल्टेजकडे बोट दाखवले. मायक्रोकोड अपडेट आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण आधीच बिघडलेली चिप अपडेटने बरी होत नाही. अशी चिप ज्यांच्याकडे आहे, त्यांनी बायोस अपडेट केल्यावरही संगणक बंद पडत असेल, तर विंडोज पुन्हा टाकत बसण्याऐवजी थेट वॉरंटीचा दावा करावा.

खरेदीआधी काय पाहावे?

सॉकेट. या प्रश्नाकडे दुर्लक्ष फार होते. २८५के जुन्या मदरबोर्डवर बसत नाही. त्याला एलजीए १८५१ सॉकेटचा नवा बोर्ड लागतो, म्हणजे खर्चाची बेरीज प्रोसेसरवर थांबत नाही. एएमडीने एएम५ सॉकेट २०२७पर्यंत आणि त्यानंतरही चालवण्याचे जाहीर केले आहे. आज मधल्या किमतीचा प्रोसेसर घेऊन तीन वर्षांनी तेवढाच बदलायचा असेल, तर अर्ध्या गिगाहर्ट्झच्या फरकापेक्षा ही घोषणा अधिक मोलाची.