आठ म्हणायचं, सात नाही!

मुलांनो, टी.व्ही.वर स्नूकरचा सामना कधी पाहिलाय? हिरवंगार टेबल, वर झगझगीत दिवे, आणि प्रेक्षक असे चिडीचूप, की आमच्या वर्गाने शिकावं! त्या शांततेत एकच आवाज येत राहतो, पांढरे हातमोजे घातलेल्या पंचांचा. "एक... आठ... नऊ... चौदा..."

हे कसले आकडे बरं? लाल चेंडू खळग्यात गेला की 1 गुण. मग एक रंगीत चेंडू मारायचा. पिवळ्याला 2, हिरव्याला 3, तपकिरीला 4, निळ्याला 5, गुलाबीला 6 आणि काळ्याला 7. मग पुन्हा लाल. पण गंमत अशी, की पंच त्या चेंडूचे गुण सांगतच नाहीत, त्या खेपेची बेरीज सांगतात. लालनंतर काळा गेला, तर "सात" नव्हे, "आठ"! शिवाय तो काळा चेंडू खळग्यातून काढून पुन्हा जागेवर ठेवायचा, तोही पंचांनीच. हात कामात आणि डोक्यात बेरीज. 15 लाल आणि दर लालनंतर काळा, झाले 120. शेवटी सहा रंगीत चेंडूंचे 27. एकूण 147.

चूक झाली की पंच लगेच म्हणतात, "फाउल!" मग दंडाचा आकडा, "फाउल, चार." हे गुण खेळणाऱ्याचे कापत नाहीत, समोरच्याला देतात. दंड 4 पेक्षा कमी नसतो. लालची पाळी असताना पांढरा चेंडू आधी काळ्याला लागला, तर चक्क 7! आणि चेंडूला नीट लागावा असा प्रयत्नच केला नाही असं पंचांना वाटलं, तर "फाउल अँड अ मिस". मग समोरचा म्हणू शकतो, चेंडू होते तिथे ठेवा आणि पुन्हा खेळा. कटकटच की नाही!

2010 साली ग्लासगोच्या वर्ल्ड ओपनमध्ये रॉनी ओ'सलिव्हनने खेळता खेळताच पंच यान व्हेरहास यांना विचारलं, की 147 ला बक्षीस किती? वेगळं बक्षीस नव्हतंच. पठ्ठ्याने 140 झाल्यावर प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवला! फक्त काळा उरला होता. पंचांनी त्याची समजूत घातली, तेव्हा कुठे त्याने तो मारला आणि 147 पुरे झाले.

आम्ही हा खेळ वर्गात कॅरमच्या सोंगट्यांना रंगीत कागद चिकटवून खेळलो. पंच व्हायला कुणी तयार होईना. शेवटी जिला बेरजेची धास्ती, तीच उठली. छप्पनपर्यंत बरोबर आली. लाल गेला, "सत्तावन्न." पुढची सोंगटी गेली आणि सगळा वर्ग ओरडला, "चौसष्ट!" ती जराशी थांबली.

"त्रेसष्ट," ती म्हणाली. "गुलाबी आहे ती. डोळे उघडून बघा की!"