पगडी आणि राफेल

१४ जुलै २०२३ला पॅरिसच्या शाँझ-एलिझेवरून पंजाब रेजिमेंटचे पगडीधारी जवान संचलन करत गेले. सन्माननीय पाहुणे होते नरेंद्र मोदी. फ्रेंच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच फ्रान्समध्ये सरकारी शाळेत शिकणाऱ्या शीख मुलाला मात्र पगडी बांधून वर्गात बसता येत नाही. १५ मार्च २००४च्या कायद्याने ठळक धार्मिक चिन्हांना तिथे बंदी घातली. सगळा वाद हिजाबचा होता; मूठभर शीख मुलांचा विचार फारसा कोणी केला नव्हता. त्याच वर्षी पॅरिसजवळच्या बोबिनीतल्या शाळेने शीख विद्यार्थ्यांना काढून टाकले. मोठ्या पगडीऐवजी लहानशी केसकीही शाळेने चालवून घेतली नाही.

भारताने हा विषय मांडलाच नाही, असे नाही. त्यासाठी मनमोहन सिंग यांच्याइतका योग्य माणूस शोधून सापडला नसता. जानेवारी २००८मध्ये निकोला सार्कोझी प्रजासत्ताक दिनाला आले, तेव्हा पगडी बांधणाऱ्या या पंतप्रधानांनी पगडीचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. फ्रान्समधले नियम सर्वांना सारखे, असे सार्कोझींनी सांगून टाकले. पुढच्या वर्षी मनमोहन सिंग १४ जुलैच्या संचलनाचे पाहुणे होते आणि तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची तुकडी दिमाखात चालली. मैत्री वाढत गेली, पण शाळेचे दार उघडले नाही.

२०१२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेच कौल दिला: बोबिनीच्या एका विद्यार्थ्याला शाळेतून काढणे हा त्याच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग होता. फ्रान्सने कायद्याला हात लावला नाही. तरीही भारताने फ्रान्सकडून २०१६मध्ये ३६ राफेल लढाऊ विमाने घेण्याचा करार केला, २०२५मध्ये नौदलासाठी आणखी २६ घेण्याचा.

पगडीसाठी लढाऊ विमाने अडवून धरावीत, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण हा कायदा खासगी शाळांना लागू नाही. तिथल्या फीसाठी मदतीची योजना दोन सरकारांना आखता आली असती. २०३०पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये नेण्याचे बेत आखणाऱ्यांना हे जड नव्हते.

ठोस काही द्यायचे ठरवले की ते देता येते, हे काबूलने दाखवले. १८ जून २०२२ला कार्ते परवान गुरुद्वारावर हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी शंभराहून अधिक अफगाण शीख-हिंदूंना भारताचे ई-व्हिसा मिळाले. यातले अनेकजण महिनोन्‌महिने ताटकळले होते. म्हणजे अडचण फायलीतच होती. दुसरी फाइल अजून तशीच आहे. नागरिकत्व दुरुस्ती कायदा ३१ डिसेंबर २०१४पर्यंत भारतात आलेल्यांनाच लागू आहे, त्यामुळे तालिबान परतल्यावर आलेल्या शिखाला त्या कायद्याचा उपयोग नाही.

नुसता मुद्दा मांडून थांबण्यात ब्रिटनही धुतल्या तांदळासारखा नाही. स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनचा एक ब्रिटिश शीख नोव्हेंबर २०१७मध्ये पंजाबात पकडला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने २०२२मध्ये ही कैद मनमानी ठरवली. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनीही विरोधी पक्षनेते कीअर स्टार्मर यांना लिहिलेल्या पत्रात तोच शब्द वापरला. त्यांच्यानंतरच्या सरकारने तो टाळला. स्टार्मर पंतप्रधान झाल्यावर त्यांनी मोदींपाशी विषय काढला खरा, पण २४ जुलै २०२५ला व्यापार करारावर सह्या झाल्या तेव्हाही तो माणूस तुरुंगातच होता. मार्च २०२५मध्ये मोगा न्यायालयाने त्याला एका खटल्यात निर्दोष सोडले होते. बाकीचे खटले उभेच होते.

दिल्ली असो वा लंडन, दोघांचा हिशेब सारखाच आहे: काळजी बोलून दाखवायची, पण तिची किंमत मोजायची नाही. पुढच्या शिखर भेटीनंतर ‘मुद्दा उपस्थित केला’ अशी बातमी आली, की वाचकांनी एवढेच विचारावे: त्यातून नेमके कोणाला काय मिळाले?