पाखरे मोजली, ज्वारीचा हिशोब कोण करणार?



हिवाळा आला की शहरातले पक्षीनिरीक्षक दुर्बिणी काढून अंगणात, गच्चीवर, तळ्याकाठी पाखरे मोजतात. हे रिकामटेकड्यांचे काम म्हणून हसण्यावारी नेऊ नका. देशभरातल्या सुमारे ३० हजार हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. दीर्घकाळचा कल सांगता येईल अशा ३३८ जातींपैकी २०४ जाती घटल्या आहेत. त्यांत उघड्या माळावरचे शिकारी पक्षी आहेत, हिवाळी पाहुणे आहेत. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलकंठही आहे.

मोजणीशी आपले भांडण नाही. भांडण निकालाशी आहे. आकडे हाती आले की चर्चासत्रात ठरते : शेतकऱ्याने विष फवारले, पाखरे मेली. हे अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य शेतकऱ्याला फार महागात पडते.

विषाने पाखरे मरतात, हे शेतीशास्त्र शिकलेला मी नाकारत नाही. अर्जेंटिनात १९९५-९६ च्या हंगामात नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारले, तेव्हा उत्तर अमेरिकेतून तिकडे गेलेले शिकारी पक्षी हजारोंनी शेतात मरून पडले. तेच औषध आपल्या पऱ्हाटीवर वर्षानुवर्षे मारले गेले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ते विष कोणी चुलीवर शिजवले नव्हते. परवाना सरकारचा, नफा कंपनीचा, उधारी दुकानदाराची. मेले ते पाखरू आणि पाठीवर पंप घेतलेला माणूस. दोघे एकाच पंगतीत बसले, मग आरोपी एकटा शेतकरी कसा?

आता उरलेले अर्धे सत्य. पाखरांच्या ताटातली ज्वारी गेली. भोरड्यांचे थवे मध्य आशियातून येतात आणि दाणे भरले की कणसांवर तुटून पडतात. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवताना आपण त्यांना शिव्या दिल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या पोसलेही. हाच पक्षी उन्हाळ्यात तिकडे टोळ फस्त करतो, म्हणून चीनच्या शिनजियांगमध्ये त्याच्यासाठी दगडांची घरटी रचून दिली आहेत. तिथे पाखराला घर मिळाले. इथे पाखराला पोसणाऱ्याला काय मिळाले?

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो झाला. २०२३ पासून तोही फुकट. त्यापुढे ज्वारी कोण विकत घेणार? खरिपात सोयाबीन आले, २००२ पासून बीटी कापूस आला, ज्वारी मागे हटली. शिवारात दोन-चार एकर उरली की सगळ्या गावाची पाखरे त्याच तुकड्यावर उतरतात. राखणीची मजुरी दाण्याच्या मोलाहून वर जाते आणि पुढल्या साली तोही तुकडा मोडतो. कडबा गेला, बैल गेले. जिथे ज्वारीच नाही तिथे भोरडी कशाला उतरेल?

मोर मात्र वाढले, हेही त्याच अहवालात आहे. १९७२ च्या कायद्याने मोराला हात लावता येत नाही. त्याने उकरलेले बियाणे कोणत्या दुर्बिणीतून दिसते?

म्हणून मागणी साधी आहे. पाखरांच्या आकड्याशेजारी पिकाचा आणि भावाचा आकडा लिहा. रेशनमध्ये गव्हाला जो मान, तो ज्वारीला द्या. आणि हे दुसरे कोणी करील म्हणून वाट पाहू नका. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीमोजणी होते. पंधरा मिनिटे पाहायचे आणि टिपायचे, एवढेच तंत्र. प्रत्येक गावातल्या दोन पोरांनी धुऱ्यावर उभे राहून पाखरे टिपावीत आणि पुढे लिहावे : शेजारी पीक कोणते, फवारणी किती झाली, ज्वारी कधी मोडली, कोणत्या भावाने मोडली. ती वही जिल्हा बैठकीत आणा. आपली वही टेबलावर असेल, तर आपल्या पाठीमागे आपला निकाल लावता येणार नाही.