विश्लेषण : अमेरिकेच्या फुटबॉल संघाची मदार अर्जेंटिनाच्या माजी बचावपटूवर का?

२०२६चा फुटबॉल विश्वचषक ११ जूनपासून अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत होणार आहे. १२ जूनला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेची पहिली लढत पॅराग्वेशी आहे. यजमान संघाचे प्रशिक्षक मात्र अमेरिकन नाहीत. ते आहेत अर्जेंटिनाचे मॉरिसिओ पोचेटिनो.

कोण आहेत पोचेटिनो?

सांता फे प्रांतातल्या मर्फी या छोट्या गावात १९७२ साली त्यांचा जन्म झाला. १३-१४ वर्षांचे असताना न्यूवेल्स ओल्ड बॉईज क्लबचे मार्सेलो बिएल्सा मध्यरात्री त्यांच्या घरी पोहोचले. झोपलेल्या मुलाचे पाय बघूनच त्यांनी त्याची निवड केली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पुढे बचावपटू म्हणून पोचेटिनो एस्पान्योल, पीएसजी आणि अर्जेंटिनाकडून खेळले. २००२च्या विश्वचषकात त्यांनी इंग्लंडच्या मायकेल ओवेनला पाडलं, डेव्हिड बेकहॅमने पेनल्टीवर गोल केला आणि अर्जेंटिना तो सामना हरली. पुढे संघ साखळीतच बाद झाला. तेव्हा प्रशिक्षक होते बिएल्साच!

प्रशिक्षक म्हणून कामगिरी कशी?

२००९मध्ये तळाला असलेल्या एस्पान्योलला त्यांनी पहिल्या श्रेणीतून घसरू दिलं नाही. टॉटनहॅमला २०१९मध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत नेलं, तेही त्या हंगामात एकही नवा खेळाडू विकत न घेता. पण लिव्हरपूलने २-० असं हरवलं आणि सहा महिन्यांच्या आत त्यांची नोकरी गेली. क्लब प्रशिक्षक म्हणून त्यांनी जिंकलेले तिन्ही करंडक पीएसजीकडूनच आले.

मग अडचण कुठे आहे?

पोचेटिनो यांची ताकद म्हणजे रोजच्या सरावातून, काही वर्षं घेऊन संघ घडवणं. प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच भागात घेरायचं, तर सगळ्यांनी एकत्र धावावं लागतं. ती सवय हळूहळूच लागते. राष्ट्रीय संघाला मात्र खेळाडू अधूनमधून, मोजक्या दिवसांसाठी मिळतात.

सप्टेंबर २०२४मध्ये त्यांची नियुक्ती झाली, तेव्हा विश्वचषकाला दोन वर्षंही उरली नव्हती. त्याचा परिणाम २०२५मध्ये दिसला. मार्चमध्ये पनामा आणि कॅनडाकडून पराभव झाला. स्टार खेळाडू ख्रिस्टियन पुलिसिकने विश्रांतीसाठी गोल्ड कपमधून माघार घेतली आणि अंतिम फेरीत मेक्सिकोने २-१ असं हरवलं. नोव्हेंबरमध्ये मात्र अमेरिकेने उरुग्वेचा ५-१ असा धुव्वा उडवला. उरुग्वेचे प्रशिक्षक कोण? पुन्हा बिएल्सा!

पुढे काय?

मैत्रीपूर्ण सामन्यातल्या विजयावर विश्वचषकाचा अंदाज बांधणं धोक्याचं आहे. २००२मध्ये अमेरिकेने उपांत्यपूर्व फेरी गाठली होती, त्यानंतर तिथवर पोहोचणं जमलेलं नाही. ज्या स्पर्धेत पोचेटिनो यांचं स्वप्न तुटलं, त्याच स्पर्धेतली ही कामगिरी आता त्यांच्यासाठी मोजपट्टी आहे. संघ घडवण्याचं श्रेय त्यांना अनेकदा मिळालं. यावेळी हिशेब निकालाचा होईल.